माझ्यावाचून न अडणारं गाव

रोज दिवेलागणीनंतर अर्धा-पाऊण तास मी एका गावाला जाऊन येते. गावाचं नाव ‘अंगण’. कायमची वस्ती आठ जणांची, आणि त्यात माणूस एकही नाही. एक जांभळं मांजर आहे, एक खडूस गरुड आहे, बाकी बेडूक, मेंढी अशी मंडळी. हे गाव दोन पडद्यांच्या एका जुन्या, हातात मावणाऱ्या यंत्रात आहे. यंत्राचं नाव निन्टेंडो डीएस आणि खेळाचं नाव ‘ॲनिमल क्रॉसिंग : वाइल्ड वर्ल्ड’. यंत्र माझ्या नातीचं. ती लहान असताना अमेरिकेत त्यावर खेळायची. मागे सुट्टीत आली तेव्हा तिने ते माझ्यासाठी आणलं, जुनं गाव पुसून माझ्या नावाचं नवं गाव वसवून दिलं आणि जाताना चार्जरसकट ठेवून गेली.

सत्तरी ओलांडलेल्या बाईने व्हिडिओ गेम खेळावा याचं लोकांना हसू येतं. येऊ दे. पण माझ्या एका मैत्रिणीने परवा वेगळाच प्रश्न केला. म्हणाली, “अगं, बरं वाटतं, बरं वाटतं म्हणतेस, म्हणजे नेमकं काय होतं?” मला पटकन सांगता येईना. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. लिहून काढलं की विचार ओळीत उभे राहतात हा शाळेतला जुना अनुभव, म्हणून हा खटाटोप.

आधी खेळ काय आहे ते सांगते. भर पावसात आपण टॅक्सीतून या गावात येतो. ओळख ना पाळख. टॉम नूक नावाचा दुकानदार आपल्याला एक छोटंसं घर देतो आणि लगेच हिशेब सांगतो : १९,८०० बेल. बेल म्हणजे तिथलं चलन. एवढे पैसे आपल्याजवळ नसतातच, त्यामुळे राहायला आल्या दिवशीच आपण कर्जदार! मग फळं तोडा, शिंपले वेचा, मासे धरा, ते नूकला विका आणि जमेल तसं कर्ज फेडा. ते फिटलं की तो घर वाढवून देतो, आणि नवं कर्ज डोक्यावर. इथवर ऐकून मैत्रीण म्हणाली, “हे तर आपलंच आयुष्य झालं!” पण फरक आहे, आणि मोठा आहे. या कर्जाला व्याज नाही. मुदत नाही. वर्षभर एक पैसा नाही भरला तरी नूक दारात येऊन उभा राहत नाही. आमच्या वडिलांनी घरासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता चुकायची वेळ आली, की महिनाअखेरीस आई आमच्याशी हळू आवाजात बोलायची. ते दिवस आठवणाऱ्या माणसाला बिनव्याजी, बिनमुदतीचं कर्ज ही केवढी मोठी कविकल्पना आहे ते कळेल.

बाकी कामं म्हणाल तर अगदी साधी. तण उपटायचं, फुलांना पाणी घालायचं, जमिनीवर चांदणीसारखी चीर दिसली की खणायचं; कधी खाली जुन्या प्राण्यांची हाडं मिळतात. ती संग्रहालयात नेऊन द्यायची. संग्रहालयाचा प्रमुख एक घुबड आहे. मोठा विद्वान, पण किड्यांची भयंकर किळस, आणि बिचाऱ्याला किडे सांभाळायचीच नोकरी! ५६ जातींचे मासे, ५६ जातींचे कीटक, जीवाश्मांचे ५२ नमुने. एकेक आणून द्या. घाई नाही. या खेळात जिंकणं नाही, हरणंही नाही. शेवट तर नाहीच.

आता, लोक म्हणतात की म्हणूनच तो मनाला विश्रांती देतो. ध्येय नाही, स्पर्धा नाही, घाई नाही. हे खरं आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. कारण ध्येय, स्पर्धा आणि घाई नसलेले दिवस माझ्याकडे निवृत्तीनंतर ढिगाने होते, आणि त्यांनी मला विश्रांती दिली नाही. छत्तीस वर्षं शाळेच्या घंटेवर चालणारं शरीर. निवृत्तीनंतरही कित्येक महिने सकाळी पावणेअकराला आपोआप घड्याळाकडे नजर जायची. मोकळा वेळ आणि रिकामा वेळ यांत फरक असतो. मराठीत दोन शब्द आहेत ते उगीच नाहीत.

तेव्हा उत्तर दुसरीकडे शोधायला हवं. माझ्या मते ते या खेळाच्या घड्याळात आहे.

हा खेळ खऱ्या घड्याळाने चालतो. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजले की अंगणातही सात वाजतात. तिथे उजाडतं, मावळतं. तासागणिक संगीत बदलतं. सकाळचं चालतं-बोलतं, मध्यरात्रीनंतरचं अगदी एकेक सूर मोजून टाकलेलं. रात्री दुकान बंद. काही प्राणी लवकर झोपतात, आमचा गरुड मात्र उशिरापर्यंत जागा. ऋतूही बदलतात, पण ते जपानसारखे. त्यामुळे इथे एप्रिलात पंखा गरम वारा फेकत असतो तेव्हा अंगणात झाडं गुलाबी फुलांनी डवरलेली असतात, आणि डिसेंबरात मी स्वेटर शोधत असते तेव्हा तिकडे बर्फ. अमुक मासा थंडीतच, अमुक किडा उन्हाळ्यातच. रविवारी सकाळी सहा ते बारा एक म्हातारी रानडुकरीण शलगम विकायला येते. शनिवारी रात्री आठनंतर संग्रहालयाच्या तळघरातल्या कॉफीच्या दुकानात एक पांढरा कुत्रा गिटार घेऊन गातो. शनिवार चुकला तर पुढचा शनिवार. पैसे टाकून तो आधी बोलावता येत नाही.

आणि मुख्य म्हणजे, यंत्र मिटून ठेवलं तरी गाव थांबत नाही. लहानपणी आम्ही भातुकली खेळायचो. आईने हाक मारली की बोळकी टोपलीत, आणि संसार संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. या गावाचं तसं नाही. मी चार दिवस गेले नाही तर चार दिवसांचं तण उगवलेलं असतं, फुलं कोमेजलेली असतात. तोडलेली फळं तीन दिवसांत पुन्हा लागतात, मी असो वा नसो.

मागे माझी कंबर धरली होती, तेव्हा दीड महिना मी यंत्र उघडलं नव्हतं. नंतर गेले तर गावभर तण. पण ते जांभळं मांजर भेटलं आणि म्हणालं, अगं किती दिवसांनी! कुठे होतीस? आणि लगेच खाण्यापिण्याच्या गप्पा सुरू. रुसवा नाही, जाब नाही. तासभर तण उपटलं, गाव पूर्ववत झालं.

इथेच मला माझं उत्तर सापडलं असं वाटतं. या गावाचं माझ्यावाचून अडत नाही. आणि तरीही मी आले की त्यांना कळतं.

या दोन गोष्टी एकत्र मिळणं फार दुर्मीळ आहे हो. माझ्या बाबतीत सांगते. २०१८ ते २०२१ ही तीन वर्षं माझे यजमान अंथरुणाला खिळून होते. औषधं, पाणी, कूस बदलणं, सगळं घड्याळाला बांधलेलं. त्या घरातली एकही गोष्ट माझ्यावाचून हलत नव्हती. मी अर्धा तास भाजीला गेले तरी जीव घराकडे. कुणी माझ्यावर लादलं नव्हतं, मी ते मनापासून केलं. पण आपल्यावाचून सगळंच अडतं, हे ओझं केवढं असतं ते वाहणाऱ्यालाच ठाऊक. मग २०२१मध्ये ते गेले, आणि तेराव्यानंतर, पाहुणे परतल्यावर, दुसऱ्याच टोकाला येऊन पडले. माझ्यावाचून कशाचंच काही अडेना. सकाळी सहाला उठले काय नि नऊला उठले काय, जगात कुणालाही फरक पडत नव्हता. मुलगी रोज फोन करते, शेजार चांगला आहे, पैशाची चिंता नाही. तरी ते हलकेपण मला ओझ्यापेक्षा जड गेलं.

या दोन टोकांच्या मधे कुठेतरी माणसाची खरी जागा असते. आपल्यावाचून चालावं, पण आपण आलेलं जाणवावं. पूर्वी गावात ही जागा आपोआप मिळायची. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या, “काय, झालं का जेवण?” विचारणारीला आपल्या जेवणाशी काही देणंघेणं नसायचं आणि उत्तरही ठरलेलं. त्या प्रश्नाचा अर्थ एवढाच, की तू इथून गेलीस हे मी पाहिलं. अंगणातले प्राणीही तेवढंच करतात.

“पण ते खोटं आहे ना!” हा आक्षेप येणारच. खरं आहे. ते प्राणी आधी लिहून ठेवलेली वाक्यं बोलतात, आणि महिन्याभरात कळतं की तीच तीच परत येतात. माझ्या बीएच्या मराठीतून झालेल्या शिक्षणामुळे पहिले दोन महिने मी शब्दकोश मांडीवर घेऊन बसायचे, त्यामुळे वाक्यं तर मला पाठच झाली आहेत. मांजराला माझ्याबद्दल माया नाही, हे मला समजतं. पण ती वाक्यं कुणीतरी माणसानेच लिहिली आहेत, आणि लिहिताना त्याने ठरवलं, की परत आलेल्या माणसाला जाब विचारायचा नाही. फोनवरचे कितीतरी खेळ नेमकं उलट करतात. दोन दिवस गेलो नाही की घंट्या वाजवून बोलावतात, बक्षीस हुकल्याची आठवण देतात, थांबायचं नसेल तर पैसे टाका म्हणतात. म्हणजे खोटेपणात सुद्धा दोन प्रकार आहेत. एक आपल्याला धरून ठेवणारा, दुसरा सोडून देणारा.

हे ठरवणारा माणूस कोण, तेही नातीने मला शोधून दाखवलं. कात्सुया एगुची. १९८६ साली हा तरुण टोकियोजवळचं चिबा सोडून निन्टेंडो कंपनीत नोकरीसाठी क्योटोला आला. घर, मित्र, सगळं मागे राहिलं, तेव्हा त्याला जाणवलं की आपल्या माणसांच्या आसपास असणं ही केवढी गोष्ट असते. पुढे लग्न झालं, मुलं झाली, पण कामावरून घरी यायला रात्र व्हायची. तोवर मुलांचा खेळ आटोपलेला. मग घरातल्यांना वेगवेगळ्या वेळी येऊनही एकत्र खेळता येईल असा खेळ करावा, या विचारातून हे गाव जन्मलं. पहिला खेळ जपानमध्ये १४ एप्रिल २००१ रोजी आला, ‘दोबुत्सु नो मोरी’ म्हणजे प्राण्यांचं रान या नावाने. माझ्याकडचा ‘वाइल्ड वर्ल्ड’ २००५ सालचा. त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. आणि २०२० साली मार्चमध्ये, जग दाराआड कोंडलं जात असताना त्यातला ‘न्यू होरायझन्स’ हा खेळ आला तेव्हा तर लोक त्यावर तुटून पडले. नवल नाही. तेव्हा सगळ्यांनाच ओटा हवा होता.

या गावातली माझी सगळ्यात आवडती व्यक्ती म्हणजे सेबल. ती साळिंदरासारखी काटेरी, आणि शिंपीण आहे. दोघी बहिणींचं कपड्यांचं दुकान आहे. धाकटी मेबल हसतमुख, गिऱ्हाईक सांभाळणारी. थोरली सेबल कोपऱ्यात शिलाई मशीनवर मान खाली घालून बसलेली. पहिल्यांदा बोलायला गेलं तर तुटक उत्तर, मी कामात आहे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पुष्कळ जण इथे सोडून देतात. पण रोज जाऊन एकदाच विचारपूस करत राहिलं, तर काही दिवसांनी ती मान वर करते. मग एकेक वाक्य जास्त बोलते. कधीतरी सांगते, की आईवडील लवकर गेले, धाकटीला मीच वाढवलं.

माझ्या वर्गात अशा सेबल दरवर्षी एक-दोन असायच्या. शेवटच्या बाकावर, भिंतीच्या बाजूला. त्यांना उभं करून प्रश्न विचारला की त्या आणखी मिटायच्या. त्यांच्याशी एकच उपाय चालायचा : रोज जाता-येता नावाने हाक मारायची आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर कधीतरी एखादी आपणहून वहीत ठेवलेलं पिंपळाचं पान दाखवायला यायची. ज्या कुणी सेबल लिहिली त्याला मुलं कळत होती. हा खेळ नात्यालाही मुदत घालत नाही, आणि नातं घाईने विकतही देत नाही.

सगळंच गोडगोड आहे असं मात्र समजू नका. शलगमाचा बाजार आहे. रविवारी घेतलेले शलगम नूक आठवडाभर रोज सकाळ-दुपार बदलत्या भावाने घेतो आणि पुढच्या रविवारी ते कुजतात. जपानीत ‘काबु’ म्हणजे शलगम आणि ‘काबु’ म्हणजेच शेअर, त्या शब्दावरची ही कोटी. आमच्या शेजारच्या निवृत्त बँकवाल्यांना हे सांगितलं तर ते रोज संध्याकाळी अंगणातला भाव विचारू लागले! मी फक्त दहा शलगम घेते, सत्यनारायणाच्या प्रसादासारखे. आणि हो, एक चिचुंद्रीसारखा तापट प्राणी आहे, रेसेटी. नोंद न करता खेळ मधेच बंद केला, की पुढच्या वेळी जमिनीतून डोकं वर काढून तो लांबलचक बोलणी बसवतो. नातीने मला दाखवण्यासाठी मुद्दाम यंत्र बंद केलं होतं. त्याचं भाषण ऐकून आमच्या जुन्या पर्यवेक्षकांची इतकी आठवण झाली की दोघी पोट धरून हसलो. पण त्याचा राग कशावर, ते बघा. जे घडलं ते पुसून पुन्हा पहिल्यापासून करायचं, यावर. दिवस जसा गेला तसा गेला, आता पुढे चला. रागावलेल्या शिक्षकाच्या तोंडी यापेक्षा शहाणं काय घालणार?

माणसं तिथूनही जातात. एखाद्या घरात खोकी बांधलेली दिसतात. बोललात, आग्रह केलात, तर कधी बेत बदलतो. नाही गेलात, तर घर रिकामं होतं आणि टपालपेटीत निरोपाचं पत्र येतं. माझी मेंढी अशीच गेली, मी कंबरदुखीने पडून होते तेव्हा. पत्र साधं होतं, चार ओळींचं. मी ते ठेवलंय. काही दिवसांनी त्या जागी नवं बिऱ्हाड आलं, त्याच्याकडेही मी जाऊन आले. माझ्या वयात हे रोजचंच आहे. ज्यांच्या निरोपाच्या चार ओळीही मिळाल्या नाहीत अशी कितीतरी माणसं आता माझ्या वहीतल्या फोन नंबरांच्या यादीत आहेत. खेळात निदान ते शांतपणे घडतं, आणि मला ते शांतपणे पाहायला शिकवतं.

नातीचं एक सांगायचं राहिलं. एका गावात चौघांना राहता येतं, आणि ‘वाइल्ड वर्ल्ड’मध्ये ते चौघे एकाच घरात राहतात. ती इथे होती त्या महिन्यात दिवसा मी खेळायचे आणि रात्री, मी झोपल्यावर, ती. सकाळी उठून मी अंगणात गेले की टपालपेटीत तिचं पत्र असायचं. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. “आजी, नदीच्या पुलाजवळ तुझ्यासाठी पीच लावलाय. पाणी नको घालूस, आपोआप येईल.” आमच्या गावात मूळचं फळ सफरचंद. बाहेरचं फळ नूक ५०० बेलला घेतो, गावचं फक्त १०० बेलला. पण ते पीच मी अजून एकही विकलेलं नाही. एगुचींना बाप म्हणून जे हवं होतं, की घरच्यांच्या वेळा जुळल्या नाहीत तरी एकमेकांच्या खुणा भेटत राहाव्यात, ते क्योटोपासून इतक्या दूर एका आजीला मिळालं. तिच्या-माझ्या घड्याळांत आता साडेनऊ तासांचं अंतर आहे, हिवाळ्यात साडेदहा. फोनला वेळ जुळवावी लागते. झाडाला लागत नाही.

या खेळात पूर्वी इंटरनेटवरून एकमेकांच्या गावी जाता यायचं. कंपनीने ती सोय २० मे २०१४ रोजी बंद केली. त्यामुळे नात तिकडून आता माझ्या गावात येऊ शकत नाही. पण गाव चालू आहे. त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही, फक्त अधूनमधून चार्जर लागतो.

कुणाला करून पाहायचं असेल तर नातवंडांच्या कपाटात विचारा, जुनं यंत्र निघायची शक्यता आहे. इंग्रजी अडलं तर शब्दकोश घ्या, अक्षरं सावकाश येतात. एक सूचना, जुनी मास्तरीण म्हणून करते : रोज अर्ध्या तासाच्या वर बसू नका. तो खेळही तसं बसू देत नाही म्हणा. पाऊण तासात करण्यासारखं संपतं आणि उरलेलं उद्यावर जातं. माझ्या संग्रहालयात ५६ पैकी ३१ मासे झाले आहेत. बाकीच्यांतले काही फक्त थंडीत येतात. तोवर नदी वाहतेच आहे.